१९४१ नंतरची माणसं

महाराष्ट्राचा रणजी संघ शेवटचा विजेता ठरला तेव्हा देश स्वतंत्र झालेला नव्हता. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक आपल्याकडे होता. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यानंतर तीनदा आपण अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हरलो. १९७०-७१ला मुंबईकडून, १९९२-९३ला पंजाबकडून, २०१३-१४ला कर्नाटककडून.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला क्रिकेटचं वेड आहे, पण रणजी म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला वस्तुसंग्रहालयात नेल्यासारखे भाव येतात. दिवाळीत तो म्हणाला, "आत्या, मुंबईचा संघ बेचाळीस वेळा जिंकलाय. विदर्भसुद्धा तीनदा. तू ह्यांच्या मागे कशाला?" तेव्हा फराळाच्या गडबडीत नीट बोलणं झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक खुलासा, कारण हे पुण्यातल्या लोकांनाही सांगावं लागतं. आपल्या राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. यातला 'महाराष्ट्र' म्हणजे उरलेला सगळा मुलूख. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सातारा, जळगाव, संभाजीनगर, रत्नागिरी. अंकित बावणे पैठणचा. सत्यजित बच्छाव नाशिकचा. मला हा संघ आवडण्याचं पहिलं कारण हेच आहे. धावफलक वाचताना एसटीच्या थांब्यांची नावं डोळ्यासमोरून जातात.

बाबा कोल्हापूरचे. पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले. त्यांच्यामुळे मला भाऊसाहेब निंबाळकर अगदी लहानपणी माहीत झाले. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठियावाडचा संघ. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२चा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. डाव घोषित झाला नाही आणि पाहुणे खरोखरच निघून गेले. निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. २०१२मध्ये ते गेले तेव्हा पेपरात फोटो आला होता. बाबांनी तो कापून ठेवला.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याच हंगामात पुढे काय झालं ते मात्र फार कुणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट ती आहे. उपांत्य सामना पुण्यातच, मुंबईविरुद्ध. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. आपण पहिल्या डावात ४०७. म्हणजे चौथ्या डावात जिंकायला ९५९ हव्या होत्या. नऊशे एकोणसाठ! आपल्या लोकांनी ६०४ केल्या. रेगेंनी दोन्ही डावांत शतक ठोकलं. सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या आणि आपण ३५४ धावांनी हरलो.

त्या सहाशे चारचा मी खूप विचार केलेला आहे. ९५९ होणार नाहीत हे तिथल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कळत असणार. तरी कुणीतरी पॅड बांधून उतरलं, बाद झालं, मग पुढचा उतरला, आणि असं करत करत सहाशेच्या पुढे गेले. बाहेर बसलेली माणसंही उठून गेली नसणार, कारण डोळ्यांपुढे चाललेलं क्रिकेट उत्तम होतं. हरणाऱ्या संघाच्या माणसाला ही एक नजर येते. निकाल त्याच्या जागी राहतो आणि खेळ त्याच्या जागी. जिंकायची सवय झालेल्यांना ही फोड करायची वेळच येत नाही.

आमच्या संघाचा इतिहास अशाच एकेकट्या पराक्रमांनी भरलेला आहे. १९८८-८९मध्ये शंतनू सुगवेकर मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९वर राहिले. एक धाव कमी. सुरेंद्र भावे वर्षानुवर्षं धावांच्या राशी घालत होते, त्यांनाही भारताची टोपी मिळाली नाही. २०१६मध्ये तटस्थ मैदानांचा प्रयोग झाला तेव्हा दिल्लीविरुद्धचा सामना वानखेडेवर होता. दोन्ही संघ परके, त्यामुळे स्टेडियम रिकामं. तिथे स्वप्निल गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, न तुटलेली ५९४ धावांची भागीदारी. रणजीत तोवर एवढी मोठी भागी झालेली नव्हती. मग दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ केल्या, सामना अनिर्णित सुटला, आणि आता त्या सामन्याचा विषय काढला की लोकांना पंतच आठवतो. पुढे पंतचं नाव झालं, त्यामुळे ते साहजिक आहे. पण मग गुगळे-बावणेंचे ते दोन दिवस कुणी लक्षात ठेवायचे?

भाच्याला द्यायचं उत्तर इथे आहे. मी या संघाबरोबर आहे कारण हे सगळं मला माहीत आहे. मी उठून मुंबईकडे गेले तर मुंबईला एक माणूस वाढून काही फरक पडणार नाही. इथे मात्र सुगवेकरांचे २९९ लक्षात असलेलं एक माणूस कमी होईल.

याच पुण्यात आयपीएलचे संघही येऊन गेले. पुणे वॉरियर्स आला, २०१३नंतर संपला. मग रायझिंग पुणे दोन वर्षांसाठी आला आणि २०१७ची फायनल मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरला. त्या रात्री आमच्या सोसायटीत पोरं रडली होती. पण पुढच्या वर्षी तो संघच नव्हता. हरल्याचं दुःख करायला, पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हणायला, कुणी जागेवर नव्हतं. शर्ट तेवढे राहिले. निष्ठेला समोर काहीतरी टिकणारं लागतं असं मला तेव्हापासून वाटतं. महाराष्ट्राचा संघ कुणी विकू शकत नाही, बंद करू शकत नाही. तो वाईट खेळेल, गटात तळाला जाईल, पण ऑक्टोबर आला की कुठेतरी नाणेफेकीला उभा असेल.

आणि खेळाडू सोडून जातात तेव्हाही तो उरतो. हृषिकेश कानिटकर किती वर्षं आपला होता. शेवटी राजस्थानकडे गेला आणि त्यांचा कर्णधार म्हणून लागोपाठ दोनदा रणजी करंडक उचलला, २०१०-११ आणि २०११-१२. मला त्याचा राग आला नाही. उलट त्या दिवशी मी पेढे आणले होते. पण रात्री झोपताना वाटलं, हा करंडक त्याच्या हातात आपल्या गहुंज्याच्या स्टेडियममध्ये बघायचा होता.

आता २०१४. जानेवारीत वानखेडेवर उपांत्यपूर्व सामना, समोर गतविजेती मुंबई. पहिल्या डावात आपण शंभरावर धावांनी मागे. मग दुसऱ्या डावात मुंबई १२९ सर्वबाद. समद फल्ला आणि अनुपम संकलेचा यांनी काय गोलंदाजी केली त्या दिवशी! जिंकायला २५२ हव्या होत्या आणि केदार जाधव व विजय झोल यांनी त्या आठ गडी राखून काढून दिल्या. मी पतसंस्थेच्या काउंटरवर होते, ड्रॉवरमध्ये फोन उघडा. समोर एक आजी मुदत ठेवीची पावती घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांना सांगितलं, "आजी, मुंबईला हरवलं आपण." त्यांना काही कळलं नाही, पण त्या "बरं झालं हो बाई" म्हणाल्या. पुढे बंगालला दहा गडी राखून हरवलं आणि अंतिम सामन्यात हैदराबादला कर्नाटकने आपल्याला सात गड्यांनी हरवलं. त्या हंगामात केदारच्या १२२३ धावा झाल्या. बाबा तेव्हा होते. अंतिम सामना संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "त्र्याण्णवपेक्षा बरे हरलो." मग आम्ही तासभर त्याच सामन्याबद्दल बोलत बसलो.

बाबांबरोबर १९७०-७१च्या अंतिम सामन्यावर मात्र कधी गप्पा झाल्या नाहीत. मुंबईचे गावस्कर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडिजला गेलेले, आपला कर्णधार चंदू बोर्डे, आणि तरी ब्रेबॉर्नवर ४८ धावांनी हरलो. तो विषय निघाला की बाबा पाणी प्यायला उठत.

माझ्या वाटणीचा तसा सामना जानेवारी २०२३चा. पुन्हा मुंबई, पुन्हा ब्रेबॉर्न, साखळीतला शेवटचा सामना. पहिल्या डावाची आघाडी मिळाली की बाद फेरी समोर दिसत होती. आपण सर्वबाद ३८४. सदतिसाव्या वर्षी केदारने १२८ केल्या, आणि त्याच महिन्यात आसामविरुद्ध २८३ करून आलेला होता तो. मग मुंबईचा डाव. ते आले, आले, जवळ आले, आणि शेवटचा गडी पडला तेव्हा फलकावर आकडा होता ३८४. तोच. आघाडी कुणालाच नाही. सामना अनिर्णित सुटला आणि दोन्ही संघ बाहेर गेले. मी त्या संध्याकाळी आमच्या गहुंज्याच्या मंडळींना फोन केले. कुणी फारसं बोलत नव्हतं, पण कुणी फोन ठेवतही नव्हतं.

ही मंडळी म्हणजे कोण ते सांगते. गहुंज्याचं स्टेडियम प्रचंड आहे, एकदिवसीय सामन्याला आत पाय ठेवायला जागा नसते. रणजीला सावलीच्या स्टँडमध्ये विखरून बसलेली आम्ही थोडी माणसं. एक निवृत्त पोस्टमास्तर, वहीत प्रत्येक चेंडू टिपणारे. एक रिक्षावाले दादा, जे दुपारच्या भाड्यांवर पाणी सोडून येतात. अकादमीतली दोन-तीन पोरं आणि त्यांच्यातल्या एकाची आई. खेळाडूंचे घरचे लोक असतात, ते मात्र ओळखू येतात, कारण ते आपला मुलगा बाद झाला की डबा उघडतात. पलीकडे द्रुतगती मार्गावरून ट्रक जात असतात. आणि मैदानातलं सगळं ऐकू येतं. यष्टिरक्षक ओरडतो, "दम काढ रे, येणारे विकेट!" स्लिपमधून कुणीतरी "शाब्बास भावा" म्हणतं. भारताचा सामना बघताना हे कधी कानावर येत नाही. आपल्या बोलीत चाललेलं उत्तम दर्जाचं क्रिकेट ऐकायचं असेल तर हीच एक जागा आहे, आणि ते ऐकताना मला जो अभिमान वाटतो त्यासाठी संघ जिंकत असण्याची गरज नाही.

विदर्भाचं मला कौतुक आहे, हेही लिहून टाकते. एके काळी सगळ्यांनी हरवायचा संघ. तिथून २०१७-१८ला पहिल्यांदा जिंकले, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा, मग २०२४-२५ला तिसऱ्यांदा. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीला मी मनापासून फोन केला. ती म्हणाली, "आता तुमचा नंबर." मी हो म्हणाले, आणि मला तसं खरंच वाटतं. दर ऑक्टोबरला वाटतं. संघ बघून, गोलंदाज कोण फिट आहेत ते बघून, विचार करून वाटतं.

ऑक्टोबर २०२५चा पहिला सामना तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध होता. पहिला गडी शून्यावर, दुसरा शून्यावर, तिसराही शून्यावर. मग ४ बाद ५, मग ५ बाद १८. भाच्याने मला त्या धावफलकाचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. मी उत्तर दिलं नाही, कारण मी ऋतुराज गायकवाडचा डाव बघत होते. त्याने ९१ केल्या. जलज सक्सेना ४९ करून गेला. एकूण २३९. केरळला आपण २१९वर काढलं. पहिल्या डावात वीस धावांची आघाडी, सामना अनिर्णित, म्हणून तीन गुण आपले. १८ला पाच गेल्यावर तीन गुण!

तर बाळा, गहुंज्याला सामना असेल तेव्हा एक दिवस ये. लोकलने देहूरोडला उतर, पुढे रिक्षा मिळते. रणजीला तिकीट नसतं. टोपी घाल, सकाळी साडेनऊच्या आत पोच, पहिला तास गोलंदाजांचा असतो. डबा मी आणीन. पोस्टमास्तर काकांच्या शेजारी बस आणि त्यांना १९९३च्या लुधियानातल्या अंतिम सामन्याबद्दल विचार. मात्र जेवायच्या सुट्टीतच विचार, चेंडू चालू असताना ते बोलत नाहीत.