पेटीला कडी

आमच्या चर्चमध्ये मी गेली २२ वर्षं पेटी वाजवतोय. गीतं तर असतातच, पण त्याहून जास्त वेळ माझे हात मधल्या जागा भरण्यात गेले. दान गोळा होईपर्यंत, पाळकसाहेब पुलपिटवरून खाली येईपर्यंत, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचा आणि द्राक्षरसाचा, ट्रे शेवटच्या बाकापर्यंत जाईपर्यंत. कुणी खोकलं तरी बोटं पट्ट्यांवर जायची. शांतता पडली म्हणजे काहीतरी चुकलं, असंच डोक्यात बसलेलं.

जूनमधल्या एका रविवारी ऐन प्रभुभोजनात भात्याची पट्टी सुटली. हवाच धरेना. हात मांडीवर ठेवून बसलो. ट्रे फिरत होता. काचेचा इवलासा पेला परत खाचेत ठेवला की टक असा आवाज होतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. टक. मग मागच्या बाकावरून टक. समोर बसणाऱ्या काकींचा मुलगा गेल्या वर्षी गेला. भाकरीचा तुकडा तळहातावर घेऊन त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. बाहेरून केएमटीची बस गेली. काकींनी मान वर केली नाही. मी वाजवत असतो तर माझं लक्ष सुरात असतं, आणि त्यांचं तिकडे ओढलं गेलं असतं.

१८५२ साली वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासून आमच्या मंडळ्यांची उपासना वचन, उपदेश आणि मोठ्यानं केलेल्या प्रार्थनेवर उभी आहे. त्याचं मोल मी जाणतो. माझ्या पणज्याला अक्षरओळख नव्हती, त्याला शास्त्र मिळालं ते कानांनीच. पण 'आता मनातल्या मनात पापं कबूल करू या' म्हटल्यावर 'आमेन' किती वेळानं येतं, ते मी घड्याळात पाहिलं. सहा सेकंद! भावाशी धरलेला अबोलासुद्धा तेवढ्यात आठवून होत नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, गुंडाळीचा सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास सगळं निःशब्द होतं. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यानंतरची वाणी मंद होती. ती ऐकायची तर पेटी थांबवायलाच हवी.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींपुढे विषय काढला. "लोक चुळबुळ करतात, पोरं रडतात," एक जण म्हणाले. रडू देत की! पोराच्या रडण्यानं उपासना बिघडत नाही, मी घाबरून ओढलेल्या सुरानं बिघडते. शेवटी ठरलं: कबुलीला पुरी दोन मिनिटं, माइक बंद, पेटी बंद.

गेल्या रविवारी पहिल्यांदा तसं केलं. अर्ध्या मिनिटातच बोटं शिवशिवली, म्हणून भात्याला कडी लावून टाकली. दुसऱ्या मिनिटात भाऊ आठवला. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवरूनच त्याला कागलला फोन लावला. उचलला नाही. आज पुन्हा लावतो.