हो, मी दोन्ही बघते

"संत तुकाराम सिनेमा तोंडपाठ असलेली बाई त्या मास्कवाल्यांच्या सीरिज कशी काय बघते?" ऑफिसात विचारतात, लग्नात पंगतीत विचारतात, आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. त्यातल्या 'कशी काय'चाच मला त्रास होतो, कारण एक खरं प्रेम आणि दुसरा टाइमपास हे तुम्ही आधीच ठरवलेलं असतं.

टाइमपास नाहीये तो. डेअरडेव्हिल या मास्कवाल्या सुपरहीरोच्या सीरिजच्या पहिल्या सीझनमधला, २०१५ चा, दुसरा एपिसोड बघा. पळवून नेलेल्या एका लहान मुलाला सोडवायला तो एकटा कॉरिडॉरमध्ये शिरतो आणि कट न दिसता ती मारामारी चालत राहते, तो दमतो, भिंतीला टेकतो, परत उठतो. दमलेला हीरो मी फार कमी वेळा बघितलाय. बाकी सुपरहीरोंचं बरंचसं मलाही बघवत नाही, शेवटी आकाश फाटतं आणि अर्धं शहर पडतं, आणि डेअरडेव्हिलसुद्धा तेरा एपिसोडमध्ये मधेमधे रेंगाळतो, हे कबूल.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने संत तुकाराम परत बघितला आणि नंतर पुण्यात लॉ कॉलेज रोडला चहाला थांबलो, ज्या प्रभात फिल्म कंपनीत १९३६ साली तो तयार झाला ती जागा, म्हणजे आताचं फिल्म इन्स्टिट्यूट, तिथून पाच मिनिटांवर. ग्रुपमध्ये एक नवीन मुलगा होता, विशीतला, डेअरडेव्हिलचा टीशर्ट घातलेला. तो म्हणाला, शेवटी तुकाराम गरुडावर बसून वैकुंठाला जातात ते बघून मला सुपरहीरोच आठवला, फक्त इथे मागे राहिलेली बायको पण दिसते. सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने, आणि वर म्हणाले, "अरे बाळा, ही भक्ती आहे, कॉमिक नाही." आदल्याच रात्री मी तो कॉरिडॉर तिसऱ्यांदा बघितला होता. त्याने "सॉरी काकू" म्हणून कप खाली ठेवला आणि नंतर कधीच आला नाही. त्याचा नंबरही कुणाकडे नव्हता, मी दोघातिघांना विचारलं, पण खूप उशिरा विचारलं. जे मी स्वतः घरी रोज करत होते त्यावरून मी त्याला चारचौघांत गप्प केलं, आणि कशासाठी, तर त्या चार लोकांत माझी जागा टिकावी म्हणून.

तेव्हाची मी अजूनही भांडते माझ्याशी. म्हणते, फरक आहेच ना! विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम कुणावर हात उगारत नाही, ते डोळे मिटून गातात तेव्हा मला बाकी काही सुचत नाही, आणि डेअरडेव्हिल दिवसा वकील असूनही रात्री हाडं मोडतो. हे मला आजही पटतं. मग वाटतं, तो मुलगा उडण्याबद्दल बोलतच नव्हता, तो मागे राहणाऱ्या माणसांबद्दल बोलत होता आणि ते आमच्यापैकी कुणी ऐकलंच नाही.

आणि तुकारामांच्या बायकोचं, जिजाईचं काय? पोर आजारी पडल्यावर चप्पल हातात घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाणारी ती, सिनेमात गौरी नावाच्या नटीने केलेली. तिला मी अजून कुठल्याच बाजूला बसवू शकलेले नाही.