शब्दकुळांची वही : 'नी'मधला मुका क

वहीत सध्या इंग्रजी 'नी' (knee), म्हणजे आपला गुडघा, चालू आहे. भावंडं शोधायला फार खोदावं लागलं नाही: लॅटिन गेनु, ग्रीक गोनु, संस्कृत जानु. आजानुबाहूतला जानु तो हाच. लॅटिन-ग्रीकमध्ये ग, संस्कृतात ज आणि इंग्रजीत क, ही सांगड जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमच्या १८२२च्या ध्वनिबदलाच्या नियमात चोख बसते. लॅटिन गेनुस, संस्कृत जन, इंग्रजी किन (kin) हे कुळ-जन्माचं त्रिकूट आधीच्या पानांवर आहेच.

पण इंग्रजीतला हा क ऐकू कुठे येतो? स्पेलिंगमध्ये मात्र तो ठाण मांडून बसलाय. जुन्या इंग्रजीत 'क्नेओव' असा स्पष्ट उच्चार होता. तो क साधारण सतराव्या शतकाच्या अखेरीस गळू लागला, तोवर छपाईने स्पेलिंग पक्कं करून टाकलं होतं. जर्मन माणूस आजही 'क्नी'च म्हणतो.

खरी मजा पुढे आहे. गेनु, गोनु, जानु या तिघांतही पहिल्या व्यंजनानंतर स्वर आहे. 'क्नी'त क आणि न थेट चिकटलेले. मधला स्वर गेला कुठे? धागा सापडला तो पाणिनीकडे: 'प्रसंभ्यां जानुनोर्ज्ञुः'. बहुव्रीहीत प्र आणि सम् यांच्यापुढे जानुचं ज्ञु होतं. संज्ञु म्हणजे ज्याचे गुडघे एकमेकांना टेकतात तो. आता ज्ञ फोडून पाहा: ज् + ञ. (मराठीत आपण द्न्य म्हणतो ते सोडा.) इथेही स्वर गायब! म्हणजे या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतच या शब्दाचं एक स्वर असलेलं आणि एक स्वर गळालेलं रूप होतं. इंग्रजीने दुसरं उचललं, संस्कृतने दोन्ही सांभाळली. इंग्रजी 'नो' (know), म्हणजे जाणणे, यातला मुका क आणि ज्ञा धातू हीसुद्धा याच साच्यातली जोडी. माझ्या मते या पानाचा ऐवज हाच.

झाडाला आणखी एक फांदी जोडली: ग्रीक गोनिया, म्हणजे कोन. पेंटॅगॉनमधला 'गॉन' तिथला. बापाने मूल गुडघ्यावर घेतलं की ते 'जेन्युइन', म्हणजे अस्सल, ही कथा गोड आहे. पण तो शब्द जन्माच्या धातूशी जास्त सरळ जुळतो, म्हणून तिला जागा दिली नाही.

पुढचं पान इंग्रजी 'चिन'चं (chin). तिचं संस्कृत भावंड हनु, हनुवटीतला. नियमाप्रमाणे तिथे ज यायला हवा होता, आणि आलाय ह.