अंगणातल्या गॅरेजचे अंदाजपत्रक

मागच्या मे महिन्यात भर दुपारी माडावरून एक सुका नारळ सुटला आणि थेट आमच्या गाडीच्या बॉनेटवर येऊन आदळला. तळहाताएवढा खळगा पडला. त्यानंतर पावसाळ्यात उंदरांनी इंजिनाजवळच्या वायरी दोनदा कुरतडल्या, आणि गाडीला बंदिस्त नाही तरी निदान हक्काची जागा हवी, यावर घरात प्रथमच सर्वांचे एकमत झाले. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत ‘गॅरेज बांधतो आहे’ असे सांगितल्यावर दोघांनी मला ‘मेकॅनिक कोण ठेवणार?’ असे विचारले. तेव्हापासून मी ‘गाडीची शेड’ म्हणू लागलो, तरी वहीवर नाव गॅरेज असेच आहे.

या वहीतील पहिला हिशेब एक लाख वीस हजारांचा होता आणि तो चुकला होता. चूक बेरजेची नव्हती. गॅरेज कशाचे बांधायचे, या प्रश्नापासून मी सुरुवात केली होती; ते कुठे उभे राहणार, हे मी गृहीत धरले होते. अंगणातील सपाट जागा दोन माडांच्या खाली आहे. वडिलांनी लावलेले ते माड तोडण्याचा विषय आईसमोर काढण्याची कोणाची हिंमत नाही, आणि माझीही तशी इच्छा नाही. माडाखाली पत्र्याची शेड उभारणे म्हणजे नारळासाठी बॉनेटऐवजी पत्रा अंथरणे. म्हणून जागा उत्तरेकडे सरकवावी लागली. तिथे जमीन उताराची असून एका टोकाला अंगणापेक्षा दोन फूट खोल आहे. या एका निर्णयाने भराव, जोत्याचा दगड, गाडी आत जाण्याचा चढ आणि पाण्याचा निचरा अशी चार नवी कलमे वहीत आली.

मापे ठरवताना मी कागदावर विसंबलो नाही. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्या करसवलतीमुळे चार मीटरच्या आत बसवलेल्या असतात, म्हणजे लांबी तेरा फुटांच्या आसपास आणि रुंदी पावणेसहा-सहा फूट. शहरातील पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन धरतात, तोच मी अंगणात चुन्याच्या फक्कीने आखला आणि गाडी आत घेतली. माझे काम भागले. मग आईला मागच्या सीटवर बसवून उतरायला सांगितले. तिचे गुडघे दुखतात, दार पूर्ण उघडल्याशिवाय आणि काठी आधी बाहेर टेकवल्याशिवाय तिला उतरता येत नाही. दार उघडले, काठी फक्कीच्या रेषेबाहेर दीड फुटावर टेकली आणि ती म्हणाली, “इथे तुझी भिंत येणार ना रे?” रुंदी त्या क्षणी बारा फूट झाली. लांबी अठरा फूट ठरवली, म्हणजे पुढे एक कपाट आणि मागून माणूस वळून जाईल एवढी जागा राहते. एकूण जमीन २१६ चौरस फूट.

छपरासाठी दोन पर्याय होते. स्लॅबचा अंदाज ठेकेदाराने सव्वाचार लाख सांगितला आणि ‘वर पुढेमागे एक खोली होईल’ हे आमिषही दाखवले. कोकणात पुढेमागे होणाऱ्या खोल्यांच्या गंजलेल्या सळया पुष्कळ घरांवर उभ्या दिसतात, म्हणून तो मोह आवरला. पत्र्याच्या शेडचा दर फॅब्रिकेटरने चौरस फुटाला २४० रुपये सांगितला होता, लोखंडी सांगाडा, कलर कोटेड पत्रा आणि मजुरी धरून. मी तो २१६ ला गुणून ५१,८४० असा आकडा लिहून मोकळा झालो होतो. फॅब्रिकेटर मात्र जमीन मोजत नाही, पत्रा मोजतो. भिंतीची जाडी आणि चारही बाजूंची वळचण धरल्यावर छपराचे माप १६ बाय २२, म्हणजे ३५२ चौरस फूट होते आणि रक्कम ८४,४८० वर जाते. त्याने काही लपवले नव्हते. मीच विचारले नव्हते. कोणताही दर ऐकल्यावर ‘कशाचा चौरस फूट?’ हे विचारून घ्यावे, असे वहीच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

पत्र्याच्या बाबतीत काटकसर करायची नाही, हे ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आम्हाला शिकवले आहे. त्या दिवशी आमच्या पडवीचे चार पत्रे मागच्या बागेत सापडले होते. वारा पत्रा वरून दाबत नाही, वर खेचतो, आणि हे खेचणे कडांना व कोपऱ्यांना सर्वाधिक असते. शेडचे तोंड वाऱ्याकडे असेल, तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. म्हणून तोंड पूर्वेला ठेवले, पश्चिमेची भिंत पूर्ण सात फुटांची धरली आणि कडेच्या ओळींना स्क्रू दाट मारण्याचे दरपत्रकातच लिहून घेतले. पत्र्याची जाडीही ‘चांगला माल’ अशी न लिहिता अर्धा मिलिमीटर अशी आकड्यात घेतली. खाऱ्या हवेत पातळ पत्रा आणि साधा स्क्रू फार वर्षे टिकत नाहीत, आणि गंज अनेकदा स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. आमच्याकडे मिळणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असतो. तिन्ही बाजू सात फूट उचलल्या असत्या तर ४९० च्या आसपास नग लागले असते. पश्चिमेची बाजू पूर्ण आणि उरलेल्या दोन चार फुटांपर्यंत ठेवून वर जाळी धरल्यावर संख्या ३३५ वर आली. पोच ५० रुपये नगाने सुमारे आठ हजार वाचले आणि हवा खेळती राहिली. दक्षिणेकडून झड आत येईल, हे मान्य आहे. पण गाडी थोडी भिजली म्हणून बिघडत नाही.

जमिनीखालचा खर्च मात्र असा कापता येत नाही. सरासरी एक फूट भराव धरला तर २१६ घनफूट, म्हणजे दोन ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडा अधिक मुरूम लागतो. परंतु सैल मुरूम पाणी मारून सहा-सहा इंचांच्या थरांत कुटल्यावर बसतो, त्यामुळे तीन ब्रास मागवावा लागेल. घाईने एकदम भरून वर कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन केली, तर पहिल्या पावसाळ्यानंतर मधोमध तडा जातो. कोब्याचा हिशेब तुलनेने सोपा आहे. चार इंच जाडी धरली तर ७२ घनफूट, म्हणजे दोन घनमीटरच्या किंचित वर काँक्रीट होते. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या एकास दीडास तीन या प्रमाणाला घनमीटरमागे आठ गोण्या धरल्या की सिमेंटच्या १७ गोण्या, खडी साधारण ०.६ ब्रास आणि वाळू ०.३ ब्रास लागते. कोब्याला तोंडाकडे शंभरास एक असा उतार, म्हणजे अठरा फुटांत सव्वादोन इंच. सिमेंटचे दर आणखी उतरेपर्यंत थांबण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे आहे. पण सगळ्या कामाला मिळून माझ्या गोण्या पंचेचाळीस, आणि गोणीमागे तीस रुपये वाचले तरी साडेतेराशे होतात. त्यासाठी एक पावसाळा घालवणे परवडत नाही.

पाण्याचे गणित मला सर्वांत उशिरा सुचले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छप्पर ३२ चौरस मीटरहून थोडे मोठे आहे, म्हणजे १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी त्यावरून सुमारे ३,३०० लिटर पाणी उतरणार, आणि आमच्याकडे असे दिवस मोजके नसतात. हे पाणी पागोळ्यांवाटे नव्या भरावाच्या पायथ्याशी पडू दिले, तर तीन ब्रास मुरूम ओहोळात जायला वेळ लागणार नाही. म्हणून पन्हळ, खाली उतरणारा पाइप आणि बागेपर्यंत दगडी गटार असे १२,००० रुपयांचे कलम वाढले.

आजची वही अशी आहे: भराव व कुटाई १५,०००, खांबांचे खड्डे व जोते २८,०००, भिंती ३१,०००, कोबा २२,०००, छप्पर ८४,५००, पाण्याची व्यवस्था १२,०००, चढ ८,००० आणि वीज ९,०००. एकूण २,०९,५००. त्यातील चाळीस टक्के रक्कम भराव, जोते, कोबा, चढ आणि पाणी यांची आहे, जी कोणाला दाखवून कौतुक करून घेता येणार नाही. विजेच्या कलमात कोब्याखालून एक जाड पाइप आताच टाकून ठेवण्याचे धरले आहे. पुढची गाडी विजेवरची आली तर चार्जिंगसाठी नवा कोबा फोडावा लागू नये. शटर सध्या वगळले आहे. त्याने बावीस हजार वाचतात, आणि उंदीर शटरला विचारून आत येत नाहीत.

पैशांइतकाच प्रश्न सहीचा आणि वेळेचा होता. सातबाऱ्यावर आमच्याबरोबर दोन चुलतभावांची नावे आहेत, त्यामुळे ग्रामपंचायतीत अर्ज देण्याआधी मुंबईला जाऊन दोघांची लेखी संमती आणली. धाकट्याने लगेच सही केली. थोरल्या दादांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि गणपतीत आपलीही गाडी आत लागेल का, एवढेच विचारले. वेळेचे म्हणाल तर पावसाळ्यात चिऱ्याच्या खाणी बंद असतात, मार्चपासून मजूर आंब्याच्या बागांत जातात आणि शिमग्याला गवंडी सापडत नाही. हाताशी खरे तर दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिनेच राहतात.

काल गवंड्याने चार खुंट्या ठोकून दोरी लावली. आई काठी टेकत त्या दोरीच्या आत फिरून आली आणि पुढच्या बाजूला, कपाटासाठी राखलेल्या जागेत उभी राहून म्हणाली की इथे नारळ सोलायला सावली बरी मिळेल, तेवढी जागा सोडा. कपाट आणि नारळ दोन्ही बसवायचे तर लांबी वीस फूट करावी लागते. रात्री हिशेब केला: नुसत्या छपराचेच ३२ चौरस फूट वाढतात, म्हणजे ७,६८० रुपये. अडीअडचणीसाठी दहा टक्क्यांचे जे २१,००० वेगळे ठेवले होते, त्यातला पहिला खर्च पहिली कुदळ पडण्याआधीच लिहून झाला आहे.