पाचटातली दोन पिल्लं

कोयत्यांचा आवाज एकदम थांबला. साडेदहा वाजले असतील. ऊसतोड चालू असताना फड गप्प झाला की पोटात गोळा येतो. एकतर कुणाच्या पायावर कोयता बसलेला असतो, नाहीतर बिबट्या.

"मालक, पळा हिकडं! पिल्लं हायती बिबट्याची!"

मी पोचेपर्यंत निम्मी टोळी ट्रॉलीवर चढली होती. जानेवारी महिना, घोड नदीकाठचं आमचं सव्वा एकर, ८६०३२ जातीचा ऊस, मागच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा. तोड आधीच महिनाभर लांबलेली, वाढ्यांना बारीक तुरे आलेले. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसातच वितो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि पिल्लं सापडली म्हणजे मादी तिथंच कुठंतरी आहे, ही धास्ती.

ज्या बाईला पिल्लं दिसली ती मात्र जागची हलली नव्हती. कोयता खाली ठेवून उकिडवी बसली होती. पाचटात वाटीएवढा खळगा, त्यात दोन गोळे. माझ्या मुठीत एक मावलं असतं. राखाडी अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, डोळे निळसर. मी वाकलो तर त्यातलं एक तोंड उघडून फुसकारलं. आवाज केवढा, तर सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तेवढा.

वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन केला. वनखात्याची माणसं येईपर्यंत दीड तास गेला, आणि खरा ताप या दीड तासाचा. शेजारची पोरं मोबाईल घेऊन आली. कुणीतरी वाटीत म्हशीचं दूध आणलं. एकजण म्हणाला, माणिकडोहला पाठवा, तिथं बिबट्यांचं केंद्र आहे. मी आणि मुकादम काठ्या घेऊन लोकांना मागं हटवत होतो. त्या बाईनं दुधाची वाटी उचलून सरळ सरीत ओतली. "राहू द्या की त्यांला," एवढंच बोलली.

वनरक्षकांनी हातमोजे घातले, एक पिल्लू उचललं आणि हसले. "बिबट्या कुठला? ही वाघाटी."

कपाळावरच्या उभ्या पट्ट्या आणि जवळजवळ बिनठिपक्यांची शेपूट त्यांनी दाखवली. बिबट्याच्या पिल्लाचे कान मागून काळे असतात, याचे नाहीत. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. मोठी झाली तरी वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या बोक्यापेक्षा कमीच. रात्री हिंडणार, उंदीर खाणार. अठरा वर्षं मी या रानात आहे, एकदाही दिसली नव्हती. उंदरांचा विषय निघाला तेव्हा मी बांधाकडं बघायचं टाळलं. ऑगस्टमध्ये तिथंच प्रत्येक बिळाशी उंदरांच्या विषाच्या, झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या होत्या, माझ्याच हातानं.

"मग मांजरच ना? ठेवा बांधावर, तोड चालू करा," आमचे अण्णा म्हणाले. वनरक्षकांनी समजावलं की कायदा बिबट्याला आणि वाघाटीला सारखाच, दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. शिवाय मादी जिथं पिल्लं ठेवून गेली तिथंच शोधायला येणार. मुकादम वैतागला, आणि त्याचंही चुकत नव्हतं. टोळीला पैसे टनावर. ट्रॉली अर्धी भरलेली, ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय. शेवटी बारा सऱ्या उभ्या ठेवायच्या आणि पाटाच्या बाजूनं तोड धरायची असं ठरलं.

सूर्य मावळताना पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट घालून त्याच जागी ठेवली. समोर कॅमेरा बांधला. आम्हाला गोठ्यापलीकडं यायला बंदी.

सकाळी क्रेटमध्ये एक पिल्लू तसंच. कॅमेऱ्यात रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मादी आलेली दिसली. हुंगलं, एकाला मानेला धरलं आणि गेली. नंतर सव्वादहाला दिसले ते आमचे शेजारी, बॅटरी घेऊन. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला यायची. ते मोटर चालू करायला निघाले होते, वाट आमच्याच बांधावरून. मादी परत आलीच नाही.

उरलेलं पिल्लू दिवसभर वनखात्याच्या डॉक्टरांनी उबेत ठेवलं, संध्याकाळी पुन्हा क्रेटमध्ये. मी शेजाऱ्यांकडं निघालो तर कळलं, अण्णा आधीच जाऊन आलेत. "आज रात्री भिजवू नका," असं सांगून. गव्हाची पाळी चुकवायला ते कसे तयार झाले ते अण्णांनी अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी ती आली. आधी क्रेटभोवती दोन चकरा मारल्या. मग पुढचे पाय कडेवर ठेवून आत वाकली. पिल्लू उचलताना क्रेट कलंडला, ती दचकून उसात पळाली, पिल्लू तिथंच. मिनिटभर पडद्यावर नुसतं पाचट. मग डाव्या कोपऱ्यातून दोन चमकते डोळे. या खेपेला घेऊन गेली.

बारा सऱ्या तिसऱ्या दिवशी तुटल्या. टोळी पुढच्या फडाला निघाली तेव्हा ती बाई ट्रॅक्टरजवळून मागं आली, पदराखालून मोबाईल काढला. काच तडकलेली.

"मालक, त्यो व्हिडिओ ह्याच्यात टाका की. पोरगी गावाकडं हाय आज्जीजवळ, तिला धाडायचाय."

टाकायला गेलो तर तिच्या फोनमध्ये जागा नव्हती. तिनंच मुकादमाचे सकाळचे 'शुभ प्रभात' सगळे पुसले.