चौघींचा स्वयंपाक

२६ डिसेंबर, सकाळचे साडेसहा

घर अजून झोपलेलं आहे. बाहेर कडाक्याची थंडी. गॅलरीतली चांदणी रात्रभर लागलेली राहिली, ती आत्ता बंद केली आणि चहा ठेवला. सिंक रिकामं आहे. लग्नाला सात वर्षं झाली, पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी रिकामं सिंक मी पहिल्यांदाच पाहतेय, म्हणून लिहायला बसले.

गेल्या वर्षीचा नाताळ मला विसरता येत नाही. धाकटी तेव्हा दहा महिन्यांची होती. साडेअकराला चर्चमधून आलो आणि मी साडीचा पदर खोचून थेट ओट्याशी उभी राहिले. मटण, चिकन फ्राय, कटलेट, पुलाव, पुऱ्या, दोन कोशिंबिरी, कस्टर्ड. पुऱ्या लाटायला खाली बसायचं आणि तळायला उठायचं, असं चाललं होतं. एकदा वळून पाहिलं तर धाकटी रांगत अगदी पायाशी आलेली, आणि माझ्या हातात उकळत्या तेलातून काढलेला झारा. नवऱ्याने धावत येऊन उचललं. काही झालं नाही. पण त्यानंतर माझे हात बराच वेळ थरथरत होते. जेवायला तीन वाजले. मोठा तोवर बिस्किटं खाऊन झोपून गेला होता. त्याची नाताळची ताट-वाटी तशीच झाकून राहिली.

यंदा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चमधून परत येताना मी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगून टाकलं की मला या वर्षी एवढं जमणार नाही. बोलताना रडू येईल की काय असं वाटत होतं. नागपुरातलं सदर येईपर्यंत आई काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, हा स्वयंपाक आम्ही चौघी करायचो. सासूबाई, मोठ्या जाऊबाई, नणंद आणि मी. नणंद तर फक्त लेकरं सांभाळायची, ओट्याकडे फिरकायचीही नाही. तू एकटी आहेस, त्यात नोकरी. मला हे आधीच दिसायला हवं होतं."

सात वर्षं मला वाटत होतं की मीच हळू आहे, माझाच हात भरभर चालत नाही. मुळात हा चार बायकांचा स्वयंपाक होता. माणसं कमी झाली, पदार्थ तेवढेच राहिले. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: नाताळच्या जेवणात काय नसलं तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल? पप्पा (माझे सासरे) आणि नवरा दोघेही म्हणाले, मटण. आई म्हणाल्या, करंज्या. मोठा म्हणाला, "केक. आणि भाजी लाल नको." पुरी, कटलेट, कस्टर्ड यांचं नावही कुणी घेतलं नाही. जे मी सर्वात जास्त वेळ उभं राहून करत होते, तेच कुणाला नको होतं!

करंज्या दुसऱ्या रविवारी झाल्या. सारण सुक्या खोबऱ्याचं, ओल्या नारळाचं नाही, त्यामुळे दोन आठवडे डब्यात निर्धास्त राहिल्या. नवऱ्याने कातणं फिरवलं, मोठ्याने कडा दाबल्या. अर्ध्या फुटल्या असतील. तेवीस तारखेला रात्री साडेअकराला नाताळची गाणी म्हणणारी कॅरल पार्टी दारात आली, तेव्हा त्याच फुटक्या करंज्या सगळ्यांत आधी संपल्या.

केकसाठीचा सुका मेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवला. डिसेंबरात आपल्याकडे संत्री भरपूर, आणि केक लेकरांनाही खायचा होता. सहा संत्री पिळली. मनुका, खजूर, टूटीफ्रूटी सगळं त्यात घालून बरणी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवली. काजू-बदाम मात्र अगदी बारीक चिरले, कारण धाकटी अजून दोन वर्षांचीही नाही आणि आख्खा दाणा घशात अडकायची भीती असते. पीठ कालवून टिन नेहमीप्रमाणे बेकरीच्या भट्टीवर नेला, पण तेवीसला नाही, अठरालाच. तेवीसला तिथे टिनवर नावाच्या चिठ्ठ्या लावून माणसं तासन् तास उभी असतात. अठराला मी एकटीच होते. एवढ्या दिवसांत केक मुरला, पंचवीसला त्याला पहिल्या दिवसापेक्षा जास्त चव होती.

मटणाच्या बाबतीत मी काही कमी केलं नाही. मसाला आईंच्याच पद्धतीने भाजला. सुकं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, लवंग, मिरे, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. फक्त तो बावीसच्या रात्री लेकरं झोपल्यावर भाजला आणि कोरडाच दळून ठेवला. कांदाही तेव्हाच तळून डब्यात भरला. चोवीसला सकाळी मटण शिजवलं. तिखट घालायच्या आधी लेकरांसाठी हळद-आलं-लसणाचं आळणी मटण वेगळ्या भांड्यात काढलं, मग उरलेल्यात मसाला आणि तिखट. गरम गंज (पातेलं) तसाच फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आणि रात्रभर ओट्यावरही ठेवायचा नाही. मी तीन पसरट भांड्यांत ओतून निववलं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये सरकवलं.

काल सकाळी झाकण उघडलं तर वर चरबीचा लालभडक थर घट्ट बसलेला. चमच्याने कडेने उचलला तर अख्खी चकती निघाली. थोडी परत घातली, बाकीची काढली. खाली रस्सा दाट, मसाला आतपर्यंत मुरलेला. खळखळून उकळी येईस्तोवर गरम केला आणि वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, घातला. पप्पांनी पहिला घास घेतला आणि आईंकडे बघून म्हणाले, "आज तुझ्या हातची चव आली." आई म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही, तिनेच केलंय." मी तिथेच बसले होते. टेबलाशी!

पुऱ्यांच्या जागी पाव आणला. पाहुण्यांना पाव वाढायचा म्हणजे कसं, असं आईंना शेवटपर्यंत वाटत होतं. मलाही थोडं लागलं होतं. पण मामेसासऱ्यांनी रश्श्यात बुडवून चार पाव खाल्ले. भात कुकरमध्ये, काकडीची कोशिंबीर नवऱ्याने केली. चर्चमधून आल्यावर पाऊण तासात पानं मांडली गेली. कढई पेटलीच नाही, त्यामुळे धाकटी स्वयंपाकघरात मोकळी फिरत होती आणि मला तिच्याकडे सारखं वळून बघावं लागत नव्हतं. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं.

आणि पप्पांची गोष्ट. पप्पा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. दर नाताळला जेवताना ते पाहुण्यांना स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगतात. मी ती दरवर्षी स्वयंपाकघरातून तुकड्या-तुकड्यांत ऐकली आहे. "१८४५ साली नागपुरात आले" एवढं ऐकू यायचं, मग तेलाचा आवाज, मग एकदम "कॉलेज १८८३चं!" मधलं काहीच कधी कळलं नाही. काल पहिल्यांदा पूर्ण ऐकली. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी शाळा चालवायचा, गोंड लोकांची गाणी आणि चालीरीती लिहून घ्यायचा, आणि त्याला दगडांचा भारी नाद. जिथे जाईल तिथून दगड, जीवाश्म गोळा करून आणायचा. १८६३च्या सप्टेंबरात तो नागपूरजवळच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे दगड, पाहायला गेला. परतताना अंधार पडला होता, ओढ्याला पाणी चढलं होतं. त्यात तो बुडाला.

टेबल एकदम शांत झालं. मोठ्याने पाव खाली ठेवला आणि विचारलं, "आजोबा, त्याच्या खिशात दगड होते का?"

पप्पा बघतच राहिले. एवढी वर्षं सांगताहेत, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग दोघं मिळून त्यावर बोलत बसले, किती दगड असतील, घोड्यावर कसे नेत असतील. धाकटी माझ्या मांडीवर झोपून गेली होती, मुठीत पावाचा तुकडा तसाच धरून. मी तो सोडवला नाही. पप्पांचं पान अजून अर्धं होतं, आणि मला कुठेच जायचं नव्हतं.