येळ्ळूरचं शेत, चार प्रकारचे रंग: दुसरा महिना

जूनअखेरीस हाती घेतलेलं काम अर्ध्यावर आलंय. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून दिसणारा राजहंसगड, पायथ्याला भाताची लावणी, मधे पाणी साचलेले वाफे. हा एकच देखावा जलरंग, ग्वाश (म्हणजे अपारदर्शक जलरंग), पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक अशा चार रंगांत काढायचा. कागद तोच, ३०० जीएसएमचा म्हणजे जाडसर, कॉटनचा. ब्रशही तेच, फक्त ॲक्रिलिकला जुना सिंथेटिक ठेवलाय.

सुरुवातीला मला वाटायचं, फरक आहे तो पारदर्शकतेचा. म्हणून वॉटरप्रूफ काळ्या शाईची जाड रेघ मारली आणि तिच्यावरून चारही रंगांतल्या अल्ट्रामरीनचे, म्हणजे गडद निळ्याचे, पट्टे ओढले. जलरंगाखाली रेघ लख्ख दिसते. ग्वाशमध्ये जेमतेम कळते. पोस्टर कलरनेही बऱ्यापैकी झाकली. ॲक्रिलिकमधून मात्र ती चांगलीच डोकावत होती, कारण अल्ट्रामरीन मुळातच पारदर्शक आणि ॲक्रिलिकमध्ये झाकण्यासाठी वेगळं काही घातलेलं नसतं. त्यात टायटॅनियम व्हाइट मिसळला की रेघ गायब.

खरा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. वाळलेल्या पट्ट्यांवर ओला ब्रश पाच-पाच वेळा फिरवून टिश्यूने टिपलं. जलरंग उठला, तळाशी फिकट निळा डाग राहिला. ग्वाश तर पुन्हा लोण्यासारखा मऊ झाला, पोस्टर कलर चिखलासारखा पसरला. ॲक्रिलिक जागचा हलला नाही. पहिल्या दोघांत रंगद्रव्य डिंकाने धरलेलं असतं आणि डिंक पाण्यात परत विरघळतो. ॲक्रिलिकमध्ये पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून प्लास्टिकचा पापुद्रा तयार होतो, तो पाण्याला दाद देत नाही. आता मी रंग निवडताना एवढंच विचारतो: खालचा थर मला परत जागा करायचाय, की तसाच झोपू द्यायचाय?

आपल्याकडच्या पावसात हा प्रश्न फार मोठा होतो. आषाढात खिडकी उघडी ठेवून जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकला तर अर्धा-पाऊण तास ओला राहतो. आभाळासाठी हे वरदान आहे, ढगांच्या कडा आपोआप विरघळतात. पण गडाचा काळा दगड त्यावर घाईने ठेवला की सगळं एकत्र होतं. माझी दोन चित्रं अशीच गेली. तिसरं वेगळ्याच कारणाने गेलं: गेल्या पावसाळ्यापासून कपाटात पडलेला कागद वापरला आणि वॉश टाकताच गडद ठिपके उमटले. दमट हवेत कागदाचं साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, बिघडलं की तो जागोजागी टीपकागदासारखा रंग पितो. असा कागद फेकू नका, ग्वाश किंवा ॲक्रिलिकला चालतो. नवे कागद मी आता प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

वाळल्यावर रंग बदलतो त्याचाही छळ झाला. खानापुरी कौलांचा तांबूस रंग ग्वाशमध्ये अगदी बरोबर जमला होता, वाळल्यावर काळवंडला. बेळगावच्या शहापुरात आमच्या ओळखीचे एक वयस्कर पेंटर आहेत, दुकानांच्या पाट्या मराठी-कन्नड दोन्हींत रंगवतात. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ओला बघून कशाला जुळवतोस? एक बोट कागदावर ओढ, वाळू दे, मग बघ की." "मामा, तेवढा वेळ कुठला पावसात?" "मग हेअर ड्रायर आण की!" आणला. त्यानंतर लिहून ठेवलेलं: जलरंग वाळल्यावर फिका पडतो, ॲक्रिलिक गडद होतो. ग्वाशमध्ये फिक्या छटा गडद होतात आणि गडद छटा फिक्या.

पोस्टर कलरबद्दल थोडंच. सरावाला स्वस्त आणि उत्तम, पण जाड थर दिला की तडकतो, आणि पावसाळ्यात बाटलीत बुरशी धरते. टिकायचं चित्र असेल तर ट्यूबवरचा रंगद्रव्याचा नंबर वाचा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, उन्हात टिकतो. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन क्रिमझन, तो उडतो.

जलरंग कमकुवत असं कुणी म्हणालं की मला म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आठवतं. बोटांमधून झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे.

चौथं चित्र परवा झालं, दोन रंग एकत्र करून. आभाळ, वाफ्यांतलं पाणी आणि लांबचा गड जलरंगात. पाण्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, तिथे ब्रश लावलाच नाही. रात्रभर वाळू दिलं. सकाळी लावणीची रोपं ग्वाशने, पिवळ्यात जरा पांढरा घालून, बारीक ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात ठेवली. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला असता तर खालचं निळं वर आलं असतं. बांधाजवळच्या तीन रोपांवर मोह आवरला नाही, तिथे रंग मळकट झालाय. बाकीची उभी आहेत. डिसेंबरच्या कोरड्या हवेत हेच चारही पट्टे पुन्हा ओढणार आहे.